मागच्या सीलवरचा खोटा आरोप

फोर बाय फोर गाडीच्या इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या बेल हाउसिंगखाली इंजिन ऑइलचा थेंब लोंबताना दिसला की बहुतेक गॅरेजांत निदान एका वाक्यात उरकते: क्रँकचे मागचे सील गेले. पाठोपाठ गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस उतरवण्याचा खर्च सांगितला जातो. गाडी काही दिवस अडकून पडते, नवे सील बसते, आणि कित्येकदा थोड्याच आठवड्यांत थेंब पुन्हा त्याच जागी येतो. मग दुसरे वाक्य ऐकू येते: जीप आहे, गळायचीच. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. पहिले घाईतून येते आणि दुसरे त्या घाईवर पांघरूण घालते. ऑइल जिथे दिसते आणि जिथून सुटते त्या दोन जागांमध्ये बरेच अंतर असू शकते. उगम सापडेपर्यंत एकही बोल्ट सैल करू नये.

सुटलेल्या ऑइलचा प्रवास दोन दिशांनी होतो. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढते. रेडिएटरच्या पंख्याचा आणि चालत्या गाडीचा वारा त्याला मागे ढकलतो. लांबीच्या दिशेने बसवलेल्या इंजिनाचे मागचे टोक सहसा किंचित खाली झुकलेले असते. त्यामुळे ब्लॉकवर कुठेही सुटलेला ओघळ चेंबरच्या (ऑइलच्या तळटाकीच्या) कडेकडेने सरकत शेवटी ब्लॉक आणि बेल हाउसिंग यांच्या सांध्यावर येतो आणि तिथे त्याचा थेंब बनतो. गच्चीतून मुरलेले पाणी तळमजल्याच्या भिंतीवर ओल धरते तेव्हा कोणी तळमजल्याची भिंत फोडत नाही. इंजिनाच्या बाबतीत मात्र नेमके तेच केले जाते.

याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. अमेरिकेत १९८७ च्या चेरोकीपासून २००६ च्या रँगलरपर्यंत चाललेल्या जीपच्या चार लिटर, सहा सिलिंडर इंजिनात टॅपेट कव्हरची मागची कड फायरवॉलच्या इतकी जवळ आहे की तिथे नजरही पोहोचत नाही आणि दिवाही. त्या कडेचे पॅकिंग कडक झाले की ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून थेट बेल हाउसिंगवर उतरते. त्याच इंजिनात ऑइल फिल्टर ज्या अडॅप्टरवर बसतो त्याच्या ओ-रिंगा कालांतराने कडक होतात, आणि तिथला ओघळही त्याच सांध्याकडे जातो. या दोन दुरुस्त्यांना मिळून काही तास लागतात; दोष मात्र मागच्या सीलला लावला जातो. दुसरे उदाहरण भारतीय वाचकाच्या अधिक जवळचे आहे. १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीच्या कार्बोरेटरवाल्या इंजिनांत डिस्ट्रिब्युटर सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला, कॅमशाफ्टवर चालतो. त्याच्या बुडातून ऑइल झिरपू लागले की ते सरळ बेल हाउसिंगवर पडते. काही रुपयांच्या ओ-रिंगसाठी गिअरबॉक्स खाली घ्यावा लागणे ही मालकाची शुद्ध फसगत आहे, मग ती अज्ञानातून झालेली का असेना.

संशयित एवढेच नाहीत. ऑइल प्रेशरचा स्विच त्याच्या प्लास्टिकच्या अंगातूनच पाझरू लागतो, आणि तिथे ऑइल पंपाचा पूर्ण दाब असल्याने गळती थोड्या वेळात मोठी दिसते. अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकसाठी लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला असतो. त्याला जाणारी ऑइलची नळी आणि परतीचा होज यांकडे कोणी पाहत नाही. क्रँकच्या पुढच्या पुलीमागचे सील गेले तर पुली ते ऑइल भिरकावते आणि पंख्याचा वारा ते गाडीच्या पोटाखाली शेवटपर्यंत पसरवतो. अशी गाडी खालून पाहिली तर सगळ्यात ओला भाग मागचाच दिसतो. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला तर गळती एकाएकी आणि भरपूर होते. सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झालेल्या गळतीत सर्वांत आधी तिथेच पाहावे.

म्हणून निदानाची पहिली पायरी धुणे ही आहे, आणि नेमकी तीच वगळली जाते. वर्षानुवर्षांची काजळी, चिखल आणि ऑइल यांच्या थराखाली ताजी गळती ओळखणे अशक्य असते. डिग्रीझर किंवा रॉकेलने इंजिन, चेंबर आणि बेल हाउसिंगचे बाहेरचे अंग स्वच्छ करावे आणि पूर्ण सुकू द्यावे. रॉकेलने भिजलेले इंजिन लगेच तापवणे धोक्याचे असते. सुकलेल्या अंगावर टाल्कम पावडर फुंकावी. मग पंधरा-वीस मिनिटे इंजिन जागेवर चालवून पाहावे, नंतर सपाट रस्त्यावर फेरी मारावी, आणि शेवटी चढावर. प्रत्येक टप्प्यानंतर दिवा घेऊन वरून खाली पाहत यावे. पांढऱ्या पावडरीवर जी पहिली काळी रेघ उमटते तिचे वरचे टोक हा गळतीचा उगम असतो. खालचे टोक कुठे आहे याला निदानात काहीही महत्त्व नाही.

पावडरीने भागत नसेल तर ऑइलमध्ये मिसळायचा चमकणारा रंग मिळतो. तो टाकून गाडी चालवावी आणि अंधारात अतिनील दिव्याखाली पाहावे. गळतीची वाट हिरवट पिवळी उजळते. डिझेल इंजिनातले काळे पडलेले ऑइल ही चमक दाबून टाकते, म्हणून रंग ऑइल बदलल्यावर लगेच टाकणे बरे. तिसरा मार्ग हवेचा. ब्रीदर आणि बाकीची तोंडे बंद करून डिपस्टिकच्या नळीतून २ ते ३ पीएसआय एवढाच दाब द्यायचा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवायचे. बुडबुडे उगम दाखवतात. गॅरेजचा कॉम्प्रेसर रेग्युलेटरशिवाय जोडला तर मात्र धड असलेली सीलेही जागेवरून उडतात.

एवढे करूनही बोट मागच्या सीलकडेच वळत असेल तर पुरावा बेल हाउसिंगच्या आत शोधायचा, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. बहुतेक गाड्यांत फ्लायव्हीलखाली एक पत्र्याचे झाकण किंवा रबरी बूच असते. ते काढून आत पाहावे. जागा अरुंद असेल तर मोबाइलला जोडायचा नळीचा कॅमेरा पुरतो. मागचे सील खरोखर गेले असेल तर फिरते फ्लायव्हील ऑइल चहूकडे फेकते. बेल हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर त्याचे वर्तुळाकार शिंतोडे असतात आणि फ्लायव्हीलची इंजिनाकडची बाजू ओली असते. आत कोरडे आणि बाहेर ओले असेल तर सील निर्दोष आहे. या निकालावर अपील नाही. आत ओले पण क्लचच्या बाजूला, आणि वासाला गंधकासारखे असेल, तर ते गिअर ऑइल आहे आणि दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलचा आहे. शिवाय अनेक इंजिनांत कॅमशाफ्टच्या आणि ऑइलच्या वाहिन्यांच्या मागच्या तोंडांना बसवलेली बुचेही फ्लायव्हीलमागेच असतात. गिअरबॉक्स उतरवला आणि ती बुचे न पाहता नुसते सील बदलले, तर सगळी मजुरी वाया जाण्याची शक्यता उरतेच.

थेंब दिसणे नेहमी वाईटच असते असेही नाही. जुन्या सीरीज लँड रोव्हरच्या फ्लायव्हील हाउसिंगला तळाशी एक छिद्र असते. खोल पाण्यातून जाण्याआधी त्यात आट्यांचे बूच घट्ट करायचे आणि पाण्याबाहेर आल्यावर ते काढून ठेवायचे, अशी मूळ योजना आहे. बूच कायमचे लावून ठेवणाऱ्यांची गाडी खालून कोरडी राहते, पण आत साठणारे ऑइल शेवटी क्लचपर्यंत पोहोचते. थेंब दिसणे हे तिथे वेळेवर मिळालेले वर्तमान असते.

सील खरोखर गेले आहे असे ठरले तरी प्रश्न संपत नाही. ते का गेले, हे विचारावे लागते, आणि गॅरेजच्या घाईत सर्वांत जास्त नुकसान हा प्रश्न न विचारल्याने होते. सिलिंडरमधल्या जळणाचा काही वायू पिस्टन रिंगांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये उतरतो. नव्या इंजिनातही तो उतरतो, झिजलेल्या इंजिनात जास्त. त्याला बाहेर जायला ब्रीदर दिलेला असतो. ब्रीदर तुंबला की क्रँककेसमध्ये दाब साठतो. ओठाचे (लिप) सील ऑइल अडवण्यासाठी बनवलेले असते, दाब अडवण्यासाठी नाही. वायूला वाट मिळेल तिथून तो जातो आणि जाताना ऑइल घेऊन जातो: टॅपेट कव्हरमधून, डिपस्टिकच्या नळीतून, पुढच्या आणि मागच्या सीलमधून. अशा इंजिनात सील बदलणे म्हणजे दाबाची वाट एका जागेवरून दुसरीकडे वळवणे. महिन्याभरात गळती परत येते ती बहुधा यामुळे, आणि बिचाऱ्या सुट्या भागाला बनावट ठरवले जाते.

खडतर रस्त्यावरच्या गाडीत ब्रीदर तुंबायला कारणेही जास्त. जुन्या डिझेल इंजिनांत ब्रीदरची नळी खाली चॅसिसजवळ मोकळी सोडलेली असते. सह्याद्रीतल्या पावसाळी वाटांवरचा चिकट तांबडा चिखल तिच्या तोंडाशी बसतो आणि वाळून घट्ट होतो. पावसाळ्यानंतर महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. पेट्रोल इंजिनात क्रँककेसचा वायू बाहेर सोडणारा पीसीव्ही वाल्व किंवा मॅनिफोल्डला जाणारी बारीक छिद्राची नळी काजळीने बुजते. एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल दिसू लागणे ही त्याची ठळक खूण. तपासणी सोपी आहे. डिपस्टिकच्या तोंडाला पारदर्शक नळी जोडून तिला इंग्रजी यू अक्षरासारखा बाक द्यावा, त्यात पाणी भरावे आणि गरम इंजिन आयडलवर ठेवावे. पीसीव्ही असलेल्या निरोगी पेट्रोल इंजिनात पाणी किंचित इंजिनाकडे ओढले जाते. उघड्या ब्रीदरच्या डिझेलमध्ये ते जागच्या जागी थरथरते. पाणी बाहेर ढकलले जात असेल तर ब्रीदरची नळी सोडून पुन्हा पाहावे. दाब नाहीसा झाला तर नळी तुंबली होती, आणि ती साफ करायला काही मिनिटे पुरतात. नळी सोडल्यावरही धूर जोराने भपकारत राहिला, तर रिंगा आणि बोअर झिजले आहेत; तिथे कॉम्प्रेशन मोजावे आणि सीलच्या खर्चाचा विचार इंजिनाच्या कामाबरोबर करावा. हे सगळे सांगितल्याशिवाय नुसत्या सीलचे पैसे घेणे योग्य नाही.

रस्त्यावर कोरडी राहणारी गाडी घाटातल्या कच्च्या चढावरून आल्यावर गळताना दिसते, यातही गूढ नाही. हेडची लांबी ५० सेंटिमीटर धरली तर ३० अंशांच्या चढावर तिचे मागचे टोक पुढच्या टोकापेक्षा २५ सेंटिमीटर खाली येते. ऑइल परतण्याची पुढची छिद्रे उंच राहतात आणि हेडमधले ऑइल मागच्या कोपऱ्यात तुंबते. सपाटीवर ज्या पॅकिंगला फक्त तुषार लागतात, ते चढावर ऑइलमध्ये बुडते. म्हणूनच तपासणीत चढाची फेरी हवी. दगडावर आपटलेल्या चेंबरचे तसेच. पोचा दिसतो आणि त्याची काळजी केली जाते; पण त्याच धक्क्याने चेंबरची कड सांध्याजवळ वाकलेली असते, ती सरळ न करता नवे पॅकिंग लावले जाते आणि ते पहिल्याच दिवशी झिरपते.

आता ‘जीप गळायचीच’ या विधानाकडे. त्याला इतिहास आहे, आणि तो मान्य करायला हवा. विलीजची जीप १९४१ मध्ये युद्धासाठी आली आणि १९४७ मध्ये मुंबईत तिची जुळणी सुरू झाली, त्या काळातल्या अनेक इंजिनांत क्रँकच्या मागच्या टोकाला दोरीसारखे विणलेले पॅकिंग असे. दोरीचे पॅकिंग ऑइलने ओले राहूनच काम करते. थोडा पाझर त्याच्या कामाचाच भाग होता. कॉर्कची पॅकिंगे वाळून आकसत. त्या गाड्यांबद्दलचे ते वाक्य त्यांच्या काळापुरते खरे होते. आजच्या थारमध्ये, जिप्सीत किंवा पंचवीस वर्षांपूर्वीच्या रँगलरमध्ये दोरी नाही. तिथे रबराचे किंवा टेफ्लॉनचे ओठाचे सील आहे, आणि ते कोरडे राहण्यासाठीच बनवले आहे. जुन्या इंजिनाचा गुण नव्या इंजिनाच्या दोषाला लावणे हा नुसता आळस आहे.

काही गळती चालवून घेता येते, हेही खरे. पण ती किती, हे मोजून ठरवावे. ऑइलचा एक मिलिलिटर होण्यास साधारण २० ते ३० थेंब लागतात. दर दहा मिनिटांना एक थेंब पडला तर दिवसाला १४४ थेंब, म्हणजे महिन्याला सुमारे १५० ते २०० मिलिलिटर. डिपस्टिकवरच्या दोन खुणांमध्ये अनेक गाड्यांत जवळपास एक लिटरचे अंतर असते, तेव्हा पातळीवर लक्ष ठेवणाऱ्याला ही गळती काही काळ परवडते. परवडत नाही ती ऑइल कुठे पडते यामुळे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडणारे ऑइल आग लावू शकते. क्लचच्या प्लेटवर आलेले ऑइल नेमके चढावर, सर्वांत जास्त ओढीच्या क्षणी, क्लच घसरवते. इंजिन माउंटचे रबर ऑइलने फुगून मऊ पडते. पातळी खाली गेलेली असताना गाडी तीव्र उतारावर किंवा आडव्या कलावर गेली तर चेंबरमधली शोषनळी उघडी पडते, पंप हवा खेचतो आणि बेअरिंगे काही क्षणांत खरवडली जातात. आणि ओढे-नद्या ओलांडणारी गाडी ते ऑइल त्याच पाण्यात सोडते, जे खालच्या वाडीत पिण्यासाठी भरले जाते. गळणाऱ्या जीपचा अभिमान बाळगणाऱ्यांनी याचा विचार करावा.

गळती कमी करायला जाड ऑइल भरा, हा सल्ला तर साध्या आकड्यांपुढे टिकत नाही. १०० अंश सेल्सिअसला एसएई ४० प्रतीच्या ऑइलची स्निग्धता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असते, एसएई ५० ची १६.३ ते २१.९. म्हणजे १५डब्ल्यू-४० काढून २०डब्ल्यू-५० भरले तर गरम इंजिनात स्निग्धता साधारण १४ वरून १८ वर जाते. त्याच फटीतून, त्याच दाबाने जिथे दहा थेंब पडत होते तिथे आठ पडतील. या दोन थेंबांसाठी थंडीत इंजिन सुरू होताना वरच्या भागाला ऑइल उशिरा पोहोचते. गळती थांबवणाऱ्या बाटलीतल्या औषधाचे काम वेगळे आहे: त्यातले रसायन रबर फुगवून मऊ करते. वाळलेल्या रबरी सीलला त्याने काही काळ उपयोग होतोही. फाटलेला ओठ, तडकलेला स्विच, वाकलेली कड, कागदाचे किंवा कॉर्कचे पॅकिंग यांवर त्याचा परिणाम नाही, आणि जास्त मऊ पडलेले धड सील पुढे लवकर झिजते.

दुरुस्तीतही तीच घाई दिसते. टॅपेट कव्हर गळते म्हणून बोल्ट आणखी आवळले जातात. पातळ पत्र्याची कड बोल्टाजवळ दबते आणि दोन बोल्टांच्या मध्ये उचलली जाते, म्हणजे गळती वाढते. सहा मिलिमीटरच्या अशा बोल्टाला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर आवळ पुरतो, तोही टॉर्क पान्याने. कव्हर काढून उलटे धरावे, दबलेली भोके लाकडी ठोकळ्यावर हलक्या हातोडीने सपाट करावीत, दोन्ही बाजू जुन्या पॅकिंगच्या कणापर्यंत साफ कराव्यात आणि मग नवे पॅकिंग कोरडे बसवावे. सिलिकॉनचा जाड थर लावून काम उरकण्याची सवय सर्वांत घातक. बाहेर दिसतो तेवढाच थर आतही पिळला जातो, सुटून चेंबरमध्ये पडतो आणि ऑइलच्या जाळीत अडकतो. कंपनीने सांगितलेल्या कोपऱ्यांपुरता बारीक थर, आणि ऑइल भरण्याआधी तो घट्ट होण्यासाठी डब्यावर लिहिलेला पूर्ण वेळ, एवढीच सिलिकॉनची जागा.

मागचे सील बदलायचेच ठरले तर क्रँकवर जुन्या ओठाने पाडलेली खाच नखाने चाचपून पाहावी. खाच लागत असेल तर नवे सील किंचित पुढे-मागे बसवावे, किंवा क्रँकवर पातळ स्लीव्ह चढवावी. नाहीतर नवा ओठ जुन्याच खाचेत बसेल. टेफ्लॉनच्या सीलला बसवताना ऑइल लावायचे नसते, रबराच्याला लावायचे असते. जीपच्या चार लिटर इंजिनात हे सील दोन अर्ध्यांचे असते आणि चेंबर काढून खालूनच बदलता येते, गिअरबॉक्सला हात न लावता. त्या गाडीसाठी गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी कोणी सांगत असेल तर त्याला ते इंजिन माहीत नाही.

गॅरेजवाल्यांचा आक्षेप असा की धुणे, पावडर, फेऱ्या यांचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. भाग बदलल्याचे देते. आक्षेप खरा आहे, आणि त्यात दोष गिऱ्हाइकाचा आहे. निदानाच्या अर्ध्या दिवसाची मजुरी द्यायला जो कुरकुरतो, तो नको असलेल्या कामाचे तीन दिवस निमूट भरतो. मालकाने तपासणीचे पैसे वेगळे द्यावेत, आणि त्याबदल्यात गिअरबॉक्सचा पहिला बोल्ट सैल होण्याआधी दोन गोष्टी स्वतः पाहाव्यात: क्रँककेसच्या दाबाची नळी, आणि बेल हाउसिंगचा आतला भाग. या दोन गोष्टी दाखवायला नकार देणाऱ्या गॅरेजमध्ये गाडी सोडू नये.